जाड शाफ्टसाठी बोटाएवढी साक्ष

चांदभाई शेख यांनी उमेदीची सारी वर्षे नागापूरच्या एका कारखान्यात भट्टीपुढे काढली. त्यांच्या भट्टीतून गेलेला एक शाफ्ट, म्हणजे यंत्राचा फिरता दांडा, तुटला, तेव्हा मात्र त्यांना सगळ्या कामगारांसमोर मॅनेजरकडून ऐकावे लागले, “लागली असेल डुलकी!” चौकशी व्हायची होती; आरोपी आधीच ठरला होता.

शाफ्ट ‘सतरा-चार’चा होता. हे न गंजणारे पोलाद खूप तापवून निववतात, मग बेताच्या आचेवर पुन्हा ठेवून कठीण करतात. मांडीएवढा जाड असा तो शाफ्ट गिऱ्हाइकाच्या यंत्रात पहिल्याच धक्क्याला, ऊस मोडावा तसा कडकन तुटून परत आला होता.

“नमुना पास आहे,” मॅनेजर हर्षल ठुबे म्हणाले. “म्हणजे माल चांगला, कृती चांगली. राहिलात तुम्ही.”

“नमुना म्हंजे त्यो बोटाएवढा तुकडा ना, साहेब?”

कारखान्याची रीत तशीच होती. शाफ्टला त्याच पोलादाचा एक बारीक तुकडा तारेने बांधायचा, दोघांना एकाच भट्टीत घालायचे आणि तपासायचा फक्त तुकडा. तो पास, तर शाफ्ट पास. ही रीत कोणी घालून दिली, याचा थांग लागत नाही. आजवर चालत आली, एवढेच तिचे समर्थन. चांदभाईंनीही ती कधी खोटी मानली नव्हती. आता मात्र त्याच तुकड्याच्या जोरावर त्यांच्यावर खापर फुटत होते.

“चूक माझी, अशा दोन ओळी लिहून द्या अन् पॅकिंगला जा,” हर्षल म्हणाले. “प्रकरण मिटेल.”

“तुमचं मिटंल. माझ्या नावाला लागलेला डाग? त्यो शाफ्टच कापा की!”

कापायला हर्षल राजी नव्हते. प्रयोगशाळेच्या प्रमुख, धातुशास्त्र शिकलेल्या मोनिका थोरात यांनी मात्र कापल्याशिवाय अहवालावर सही करायला नकार दिला. त्यांनी शाफ्टच्या कडेचा आणि गाभ्याचा असे तुकडे काढले. कठीणपणा दोन्हीकडे सारखाच भरला. हर्षल हसले. मग तुकड्यांना खाच पाडून त्यांच्यावर लंबकाचा हातोडा सोडला. कडेचा तुकडा वाकत, फाटत तुटला. गाभ्याचा तुकडा हातोडा लागताच कडकन तुटला.

“बारीक तुकडा लगेच निवतो,” मोनिका म्हणाल्या. “जाड शाफ्टचा गाभा रेंगाळत निवतो, आणि घडवतानाही घणाचा दाब आतवर नीट पोचत नाही. कण भरड राहतात. कठीणपणा तोच दिसतो, चिवटपणा जातो. भट्टीवाल्याचा यात काय दोष?”

“बरं, बरं. चांदभाई, उद्यापासून भट्टीवर या. झालं गेलं विसरा.”

दुसऱ्या दिवशी भट्टीपाशी तसाच जाड शाफ्ट ठेवलेला होता आणि त्याला तसाच बारीक तुकडा बांधलेला होता! चांदभाईंनी तार सोडली, तुकडा बाजूला ठेवला आणि ते स्टुलावर बसून राहिले.

“बटण दाबा की! टेम्पो खोळंबलाय!” हर्षल ओरडले.

“शाफ्टाएवढाच जाड ठोकळा शेजारी ठेवा, आन् नमुना त्याच्या गाभ्यातून काढा. दुसरं, डुलकीचं सगळ्यांसमोर बोललात; ते सगळ्यांसमोरच मागं घ्या.”

“तुमच्यासाठी आता सभा भरवू?”

“आरोप करताना भरवलीच हुती की.”

दुपारपर्यंत भट्टी थंड होती. अखेर ठोकळा आला, कामगारही जमले. हर्षल शर्टाच्या गुंडीकडे पाहत पुटपुटले, “चांदभाईंची चूक नव्हती.”

“मागं ऐकू गेलं न्हाई, साहेब,” चांदभाई म्हणाले.

हर्षलना तेच वाक्य पुन्हा, मोठ्याने म्हणावे लागले. त्यानंतरच चांदभाई स्टुलावरून उठले.