आम्रपालीची पहिली सोबतीण

कस्तुरा आणि तिची धाकटी जाऊ मिनल एकाच वर्षी गरोदर राहिल्या. काळेवाडीतलं घर एकच, कस्तुरा वरच्या मजल्यावर, मिनल खाली. तपासणीत कस्तुराला एचआयव्ही निघाला, पाठोपाठ नवऱ्याला, बुद्धरत्नलाही. मिनल लोहाच्या गोळ्या घ्यायची, कस्तुरा विषाणूवरच्या. दोघींना मुलीच झाल्या. कस्तुराच्या आम्रपालीला लागण झाली नव्हती. तो रिपोर्ट आला त्या दिवशी बुद्धरत्न दवाखान्याच्या जिन्यात बसून रडला होता.

पण पोरी तीन वर्षांच्या झाल्या आणि कस्तुराच्या जिवाला घोर लागला. मिनलची मित्रा बुद्धवंदना घडाघडा म्हणायची. आम्रपाली 'आई', 'पाणी' याच्या पुढे जाईना, एका जागी बसेना. पाहुणे मित्राचं कौतुक करू लागले की कस्तुरा आम्रपालीला उचलून वर निघून जायची. एकदा मित्रा तापानं निपचित पडली, तेव्हा आज तरी घर शांत आहे, असं कस्तुराच्या मनात येऊन गेलं. मग तिनं खाली चहाला जाणंच सोडलं.

"ताई, आम्रपाली बोलत नाही ते त्या गोळ्यांमुळं तर नसेल?" मिनल एकदा जिन्यात म्हणाली. तिनं काळजीनंच विचारलं होतं, पण ते कस्तुराला जिव्हारी लागलं. चाकणच्या कंपनीत वायरी जोडताना तिच्या डोक्यात तेवढंच घोळत राहिलं.

शेवटी तिनं डॉक्टरीणबाईंना विचारलं, "गोळ्या घेऊन मीच पोरीचं वाटोळं केलं का?"

"नाही हो. आईनं या गोळ्या घेतल्या तरी बहुतेक मुलांची वाढ नीट होते. काहींना बोलायला थोडा उशीर झालेला दिसलाय, पण तो गोळ्यांमुळंच, असं खात्रीनं सांगता येत नाही. गोळ्या नसत्या तर हिला लागण व्हायची भीती होती. त्या बंद करू नका. आधी हिचे कान तपासू."

कान चांगले निघाले. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी काही खेळ सांगितले आणि विचारलं, "घरात हिच्या वयाचं बडबडं मूल आहे का? रोज त्याच्यासोबत खेळू द्या."

दोन दिवस कस्तुरानं ते बुद्धरत्नलाही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी पोरीला कडेवर घेऊन खाली उतरली. मिनलनं काही न विचारता चहा टाकला.

पावसाळाभर हे चाललं. मित्रा बोलायची, आम्रपाली तिच्या मागं पळायची. एका संध्याकाळी दारात चप्पल घालता घालता आम्रपाली म्हणाली, "मित्रा, चल ना."

मिनलनं हातातली कणीक तशीच ठेवली आणि तिला उचलून घेतलं. कस्तुराचे डोळे भरून आले, आणि त्याच क्षणी तिला मत्सरही वाटला. पोरीचं पहिलं वाक्य तिच्यासाठी नव्हतं. पोरगी आत्ता होती तीही मिनलच्याच कडेवर.

कस्तुरानं दारातली पोरीची चप्पल सरळ करून ठेवली. मग म्हणाली, "मिनल, उद्यापासून मला सेकंड शिफ्ट हाय. हिला तुझ्याकडंच ठेवत जाऊ का?"

"विचारताय काय, ताई."