दोन तांबे पाणी

पदवी मिळाल्यावर मी पोलीस भरतीची तयारी करत होतो. पाथर्डीच्या मैदानावर आमच्या प्रशिक्षक सरांनी ठेवलेली सोळाशे मीटरची चाचणी होती आणि वेळेत न येणाऱ्याचं नाव सरावाच्या तुकडीतून कमी होणार होतं. उन्हात भरपूर पाणी प्यावं, एवढं मी वाचलेलं होतं. म्हणून शिट्टी वाजण्याआधी माठातलं दोन तांबे पाणी उभ्याउभ्या रिचवलं.

दुसऱ्या फेरीत ते पोटात डुचमळू लागलं. मागून येणारा मित्र म्हणाला, "बाजूला हो भाऊ, टँकर सांडायला लागलाय." मी कडेला बसलो. सरांनी पुढच्या रविवारी एकच संधी दिली.

घरी आईला सांगितलं. ती वर्षानुवर्षं ऊसतोडीला जाणारी. हसू दाबत म्हणाली, "बैलाला तरी कुनी पानी पाजून लगीच पळवतं का? आन् तू तर ग्रॅज्युएट हाय."

त्या रविवारी तिचीच ऊसतोडीतली पद्धत वापरली. उठल्यापासून मीठ-लिंबू घातलेलं पाणी घोट घोट घेतलं आणि उसाच्या फडात ती डोक्याला बांधते तसं ओलं फडकं मानेभोवती बांधलं. तिच्या जुन्या साडीचं, गुलाबी.

"आज टँकर नटून आलाय," सोबत पळायला आलेला मित्र म्हणाला. मी दम राखून पळत राहिलो. वेळेत पोहोचलो, त्याच्याही आधी.

सरांनी फडक्याबद्दल विचारलं. मी म्हणालो, "सर, आईचं कोचिंग आहे."

पुढच्या सरावाला मित्रही ओलं फडकं बांधून आला. त्याच्या आईच्या साडीचं, पोपटी.