गोदामावशींचा घोळाणा

बातमी मला गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली. गोदामावशींचा फोटो, भोवती झेंडूच्या फुलांची चौकट आणि खाली मोठ्या अक्षरांत, ‘आमच्या शाळेची अन्नपूर्णा हरपली’. कुठल्या तरी लग्नातला फोटो होता, हात दिसू नयेत असा खालून कापलेला. पाठवणारे होते शाळा समितीचे माजी अध्यक्ष. त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती. मावशी गेल्या हे मनात नीट उतरायच्या आधी मला शिसारी आली. रडू नंतर आलं, दुपारी. आता दीड महिना झाला. रडू ओसरलंय, शिसारी मात्र जात नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

वाशी तालुक्यातल्या त्या शाळेत मी अकरा वर्षं शिकवत होते. रोज धाराशिवहून एसटीनं जायचं नि यायचं. मावशी शाळेची खिचडी शिजवायच्या. नवरा लवकर गेलेला, एकुलती मुलगी छाया तेरला दिलेली. मधल्या सुट्टीत मी माझा डबा घेऊन स्वयंपाकाच्या खोलीत जायची आणि डबा न उघडता त्यांच्याच ताटातलं खायची. एका हिवाळ्यात पोरं खिचडीला कंटाळली, पातेल्यात उरायला लागली. तेव्हा मावशींनी शनिवारी घोळाणा करायचं ठरवलं. आपल्याकडं घोळाणा म्हणजे कच्ची पालेभाजी चिरून कांदा, कूट, तिखट-मीठ लावलेली. मावशींनी त्यात ज्वारीच्या घुगऱ्या घातल्या आणि पोरं शेतातून काय आणतील ते फळ... बोरं, पेरू, कधी कुणाच्या बागेतलं फुटकं डाळिंब. ज्वारी आदल्या दिवशी भिजवायची, बोटचेपी शिजवायची आणि पुरती निवू द्यायची, कारण गरम घुगऱ्यांवर पाला पडला की मरगळतो. हरभऱ्याचे कोवळे शेंडे अगदी खायच्या वेळी चिरायचे. वरून करडईचं कच्चं तेल, लिंबू, आणि मग दोन्ही हात कोपरापर्यंत घालून कालवायचं. चमच्यानं का नाही, असं मी एकदा विचारलं होतं. चमच्यानं ज्वारी खाली बसते आणि पाला वर राहतो, असं त्यांनी मला पोरांना समजवावं तसं समजावलं. शनिवारी पातेलं पुसून निघायचं. दोनदा मागणारी पोरं मी मोजणं सोडून दिलं होतं.

मग त्यांच्या बोटांच्या टोकांवर पांढरे ठिपके आले. चार-सहा महिन्यांत ते मनगटापर्यंत चढले. मी त्यांना धाराशिवला डॉक्टरांकडं नेलं. हे कोड आहे, स्पर्शानं पसरत नाही, स्वयंपाकाला काही हरकत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि कागदावर लिहूनही दिलं. परतीच्या गाडीत मावशींनी तो कागद माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. पण गावात कुजबुज सुरू झालीच होती. आधी दोन-तीन मुली घरून डबा आणू लागल्या, मग अर्धा वर्ग. एका शनिवारी घोळाण्याचं पातेलं जवळजवळ भरलेलं राहिलं आणि ते शेळ्यांपुढं ओतताना मी मावशींना पाहिलं.

समितीची बैठक झाली. डॉक्टरांचा कागद मी पुढं ठेवला. तो हातोहात फिरला. वाचला कुणीच नाही. अध्यक्ष, म्हणजे आता तो फोटो पाठवणारेच, मोठ्या समजूतदारपणे बोलले. डॉक्टर म्हणतात ते खरंच असेल, पण लोकांना किळस येते, तिला औषध काय? ठरलं असं, की मावशींनी अन्नाला हात लावू नये, भांडी तेवढी घासावीत. मावशी दाराशी उभ्या होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं,

“म्या घासलेल्या ताटात जेवताल व्हय मग?”

मुख्याध्यापकांनी ठरावाची वही माझ्याकडं सरकवली, कारण माझं अक्षर चांगलं. आणि मी लिहिलं. ‘आरोग्याच्या कारणास्तव’ हे शब्दसुद्धा मीच सुचवले. माझी धाराशिवला बदली व्हायची होती, मला वाद नको होता. पण हे कारण अर्धंच आहे. बाकीचं अर्धं असं, की त्याआधी महिनाभर मीही त्यांच्या ताटातलं खाणं सोडलं होतं. शनिवारचा उपास धरलाय, इतर दिवशी पित्त झालंय, असं सांगत होते. कागद मी स्वतः तीनदा वाचून दाखवला होता आणि तरी त्या पांढऱ्या बोटांनी कालवलेला घास घशाखाली उतरत नव्हता. अध्यक्षांनी निदान ते तोंडानं म्हटलं.

मावशी भांडी घासायला आल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून रोजानं खुरपायला जाऊ लागल्या. माझी बदली झाली. पुढं कितीतरी वर्षं मी त्या गावाकडं फिरकले नाही. गेल्या डिसेंबरात तिथंच एका जुन्या सहकाऱ्याच्या घरी लग्न होतं, तेव्हा धीर करून मावशींच्या घरी गेले. दोन्ही हात आता कोपरापर्यंत पांढरे झाले होते. बाईंना आवडतो म्हणून त्यांनी घोळाणा करायला घेतला. पेरू चिरला, पाला चिरला, आणि कालवायच्या आधी हातावर प्लॅस्टिकची पिशवी चढवून दातांनी गाठ मारली.

“हात लागला न्हाय, बाई. खावा निवांत.”

ती पिशवी काढा, असं मी म्हटलं. त्या हसल्या. जावई, नातवंडं यायची तेव्हा मी बांधायला लागले, म्हणाल्या, आता एकटीपुरतं करायचं असलं तरी बांधते... “आता माझं मलाच कसंतरी वाटतंय.”

मी ताट संपवलं. माफी मागायला तोंड उघडलं आणि पेरू कुठला, असं विचारलं. आठ दिवसांनी सकाळी छातीत कळ येऊन त्या गेल्या.

शाळेत शोकसभा ठेवली होती. मी गेले. माजी अध्यक्ष बोलायला उठले आणि म्हणाले, मावशींच्या हाताला चव होती, तशी चव आता मिळायची नाही. माना डोलल्या. मी उभी राहिले आणि सांगितलं, की ही चव आपण सगळ्यांनी मिळून थांबवली, तसा ठराव झाला होता, तो माझ्या अक्षरात आहे आणि मीही त्यांच्या हातचं खाणं सोडलं होतं. कुणी रागावलं नाही, हेच वाईट. अध्यक्षांनी मोबाइल पाहिला. नवे मुख्याध्यापक हळूच म्हणाले, जाऊ द्या बाई, आता कशाला ते. आणि दोन मिनिटं शांतता पाळून सभा संपली.

छाया पहिल्या रांगेत बसली होती. बाहेर आल्यावर ती माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता बोलेल, चार शब्द सुनावेल. मी त्याची वाटच पाहत होते.

“आईला ठावं होतं, बाई,” ती म्हणाली. “ती म्हणायची, सगळ्यांनी ताट सारलं, बाईंनी निदान उपासाचं निमित्त तरी सांगितलं.”

एवढं बोलून ती तेरच्या गाडीकडं गेली.

परवा मी घरी घोळाणा केला. हरभरा आता घाट्यांवर आलाय, कोवळा पाला मिळत नाही, म्हणून मेथी घेतली. ज्वारी निवू दिली, पेरू बारीक चिरला, हातानं कालवलं. सून दारात येऊन बघून गेली. तिला वाढू का, असं मी विचारलं. कच्चा पाला नको, पोटाला बाधतो, असं ती म्हणाली. बाधतही असेल. मी मात्र तिच्या चेहऱ्याकडं बघत राहिले... मग एकटीच खायला बसले.