मी खोडलेला प्रश्न

मी कामगार मोर्च्यांची पत्रकं लिहिणारी. पत्रकातले प्रश्न कुणी खरंच विचारत नसतं. उत्तर खाली ठळक छापलेलंच असतं. तरी संभाजीनगरातल्या एका कॉलेजानं मला बोलावलं, शेवटच्या वर्षाच्या पोरांना संशोधनाचे प्रश्न लिहायला शिकवायला. आणि मी गेले.

वर्गात बजाजनगरच्या कामगार वस्तीतली एक मुलगी होती. वडिलांची दोन बोटं प्रेस मशीनखाली गेलेली. प्रकल्प नीट झाला तर पुढं एम.ए., नाहीतर शेंद्र्याला कंपनीत कामाला, असं घरी ठरलेलं. तिनं वहीत लिहिलं होतं: 'बोटं गेलेला कामगार घरातलं कोणतं काम आधी सोडतो?'

"हे काय गं? एवढा अन्याय, आणि तू घरकामाचं विचारतेस?"

"ताई, पप्पांनी आधी चहा गाळायचं सोडलं. सांडशी धरवत नाय. बाकीच्यांचं काय झालं, ते बघायचंय."

"बघ की! मालक घाबरून चहा गाळायला येतील."

वर्ग खिदळला. मी तिची ओळ खोडली आणि वर लिहिलं: 'मालक कामगारांच्या बोटांशी किती दिवस खेळणार?' टाळ्या पडल्या. तिनं वाजवल्या नाहीत.

तोच प्रश्न वर लिहिलेला कागद घेऊन ती आपल्या गल्लीत दारोदार फिरली. बोटं गेलेले बहुतेक अजून त्याच ठेकेदारांकडं कामाला. पहिली ओळ वाचली की आतून कडी. एक बाई तिला म्हणाली, "ह्यांना कामावरून काढलं तर तू घालती का खायला?" मी तिथं नव्हते. तरी त्या कड्या मला ऐकू येतात, भर दुपारी, वर्गात कुणी एखादा बारका, साधा प्रश्न वाचला की हमखास.

ती वर्गात यायची थांबली तेव्हा मी तिच्या घरी गेले. वडील उजवा हात टॉवेलखाली घेऊन बसले होते.

"ताई, उत्तर तर तुम्हाला ठावं हुतं. मग पोरीला लोकांच्या दारात कशाला धाडलं?"

"चुकलं माझं, काका. तिचाच प्रश्न घेऊन परत..."

"आता तिला कोण दार उघडतंय?"

मी कॉलेजात भांडून तिच्या प्रकल्पाची मुदत वाढवून घेतली. कळवायला फोन केला. तिनं उचलला, मागं डब्यांची झाकणं वाजत होती.

"ताई, जेवणाची सुट्टी संपत आली," ती म्हणाली. "फोन नका करत जाऊ."