धाडचे मावसाजी आणि डार्क मॅटर

विश्व कशामुळे टिकून आहे हे छातीठोकपणे सांगणारा माणूस साऱ्या बुलढाणा जिल्ह्यात एकच आहे, आणि माझं नशीब असं की तो माझ्या मावशीचा नवरा आहे. धाड गावात मावसाजींचं बियाण्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक सोयाबीनचं बियाणं मागायला येतं आणि आकाशगंगा ऐकून परत जातं. मोबाइलवर कधीतरी त्यांनी ऐकलं की आकाशगंगा इतक्या जोरात फिरतात की त्यांतले तारे केव्हाच भिरकावले जायला हवेत. न दिसणारं काहीतरी त्यांना ओढून धरतं, त्याला डार्क मॅटर म्हणतात, आणि ते काय आहे हे शास्त्रज्ञांनाही ठाऊक नाही. "त्याइले काऊन ठाऊक असन? ते धाडले आले हायत का कधी?" असं म्हणून मावसाजींनी ते काम अंगावर घेतलं.

पहिला सिद्धांत जीपचा. "बुलढान्याच्या जीपले बाहेरून पाच मानसं लटकेल दिसते. वळनावर पडते का? नाही! काऊन का आतमंदी पंधरा कोंबेल असते. थे दिसत नाही, पन धरून ठेवते." दुसरा वांग्याच्या भाजीचा: फोडी म्हणजे तारे, खरी ओढ रश्श्यात. हा त्यांनी एका तेरवीच्या पंगतीत भरली बादली गरगर फिरवून सिद्ध करायला घेतला. कडी निसटली आणि सिद्धांत अर्ध्या पंगतीच्या टोप्यांवर सांडला. मावशी एवढंच म्हणाली, "विश्वाचं मंग पाहा, आंधी फडकं आना."

तिसरा सिद्धांत त्यांनी फक्त मला सांगितला, तोही आवाज खाली आणून. "जे उजेड देत नाही, कोनाशी बोलत नाही, तरी वढते, थे काय असन? आमचा दादा." हा थोरला भाऊ शेजारच्याच घरात राहतो. दोघांच्या शेतांमधल्या धुऱ्यावरच्या एका बाभळीवरून धरलेला अबोला बाभूळ वाळून गेली तरी हिरवागार होता.

मग मावसाजींच्या मुलीचं लग्न ठरलं. सख्ख्या भावाला आवतन त्याच्या दारी जाऊन, स्वतःच्या तोंडानं द्यायचं असतं. मावसाजी गेले, आणि गिऱ्हाइकापुढे ज्यांना दम लागत नाही त्यांची नेमकी तिथे वाचा बसली. उंबऱ्यावर अक्षता ठेवून ते तसेच परत आले. मुक्यानं दिलेलं आवतन आवतनच नव्हे, असा भावकीनं निवाडा दिला. मावसाजींचं म्हणणं एकच, "वढ असन त येईन."

लग्न लागलं, भावकीची पंगत बसली. मावसाजींनी शेजारचं पान रिकामं ठेवलं आणि वाढप्यांना थांबवलं. "हे पान कोनाचं?" कुणीतरी विचारलं. "डार्क मॅटरचं." लोक पोट धरून हसले. वराकडच्यांनी मला बाजूला घेऊन, घराण्यात हे आधी कुणाला होतं का, अशी चौकशी केली. वरण निवलं तरी मावसाजी दाराकडे बघत होते, आणि मला त्यांच्याकडे बघवेना. तेवढ्यात खांद्यावरचा दुपट्टा सावरत दादा आत आले आणि मुकाट्यानं त्या पानावर बसले. वाढणं सुरू झालं. त्यांनी भाजीचा घास घेतला.

"मीठ कमी हाय बे."

"हाव, दादा," मावसाजी म्हणाले. आणि आपल्या पानावरचं मीठ त्यांनी दादांच्या पानावर सरकवलं.

हल्ली दोघे भाऊ दुकानात बसून तुरीबद्दल बोलतात. मी मुद्दाम विश्वाचा विषय काढतो, तर मावसाजी म्हणतात, "थे कोडं सुटलं ना बाप्पा." मला फार आनंद आहे. पण त्या दुकानातून नुसतं बियाणं घेऊन निघालो की हात रिकामे वाटतात.