बी फेजची एक कॉइल

पॅनलवर दोन अँमीटरचे काटे शंभर अँपिअरवर होते. तिसरा, बी फेजचा, पन्नासवर. बाहेर बाकावर सुजाताताई बसल्या होत्या. समोर स्ट्रेचरवर त्यांचे वडील.

नाहूरच्या पुढे एका स्मशानात मी अकरा वर्षं विद्युतदाहिनी सांभाळतो. चार खांदेकरी नाहीत असं क्वचित होतं. त्या दुपारी ताई एकट्याच आल्या होत्या. भाऊ परदेशात. शववाहिनीचा ड्रायव्हर आमच्यासोबत स्ट्रेचर उतरवून पुढच्या कॉलला गेला.

मी क्लॅम्प मीटर घेतला. वायरीला चिमट्यासारखा धरला की करंट दाखवतो. पन्नासच. माझे वरिष्ठ, सावंतसाहेब, त्यांना फोन लावला.

"बंद कर. त्यांना दुसरीकडे पाठव."

"गाडी गेली, साहेब. बाई एकट्या आहेत."

"अरे, एक कॉइल गेलीय. सगळा लोड दुसरीवर येणार, तीपण जाणार. मध्येच बंद पडली तर काय सांगशील त्यांना?"

"दहा मिनिटं द्या," म्हटलं.

रजिस्टरच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. व्होल्टेजला करंटने भागलं की रेझिस्टन्स मिळतो, म्हणजे तार करंटला किती अडवते ते. २३० व्होल्ट भागिले १०० अँपिअर म्हणजे २.३ ओहम, हा नेहमीचा. आज २३० भागिले ५०, म्हणजे ४.६. बरोबर दुप्पट. प्रत्येक फेजवर दाहिनी तापवणाऱ्या दोन कॉइल शेजारी शेजारी जोडलेल्या असतात आणि दोघींना पूर्ण २३० मिळतात. म्हणजे एक तुटली होती. उरलेलीतून आधीही पन्नासच अँपिअर जात होते, आताही पन्नासच. तिच्यावर जास्तीचं काहीच आलं नव्हतं.

मग पॉवर. व्होल्टेज गुणिले करंट. एका कॉइलची साडेअकरा हजार वॉट. सहा कॉइलमधली एक गेली, म्हणजे उष्णता एक षष्ठांश कमी. तापमान चढतच होतं, फक्त हळू.

साहेबांना पुन्हा फोन केला. आकडे वाचून दाखवले. "नक्की ना?"

"नक्की."

"ठीक आहे. काही झालं तर नाव तुझं राहील."

बाहेर येऊन ताईंना सांगितलं, "एक कॉइल बंद आहे. काम होईल, पण पाऊण तास जास्त लागेल."

"लागू दे," त्या म्हणाल्या. "घरी जाऊन तरी कोणाशी बोलू?"

वडिलांना आत घेतलं. दार बंद झालं. मी पॅनलसमोर, ताई बाहेर बाकावर. मध्ये उघडा दरवाजा. थोड्या वेळाने त्या उठल्या आणि हॉलचा पंखा बंद केला.

"तुमच्या मशीनला जरा जास्त करंट मिळेल ना?"

पंख्याचा आणि दाहिनीचा काही संबंध नव्हता. पंखा साठ-सत्तर वॉटचा. मी म्हटलं, "हो, मिळेल."

दोन तास आम्ही घामाने निथळत बसलो. मी दर दहा मिनिटांनी काटा वाचायचो आणि मोठ्याने सांगायचो, "पन्नास." त्या मान हलवायच्या. आतापर्यंत माझं रीडिंग कोणी असं ऐकलं नव्हतं.

कॉइल शेवटपर्यंत टिकली. अस्थींचा कलश घेऊन ताई रिक्षात बसल्या, एकट्याच. दुसऱ्या दिवशी तुटलेली कॉइल बदलली. तिन्ही काटे शंभरवर आले. रजिस्टरमध्ये मी तेवढंच लिहिलं.

यातून शिकलो ते इतकंच: करंट निम्मा दिसला तर आधी भागाकार करावा. साहेबांना फोन त्यानंतर.