रिकाम्या खळग्यातली धामण

कल्पना करा, तुमच्यासमोर पाण्याचा एक थेंब आहे. त्यात शंभर कोटी विषाणू आहेत. माणसाला न लागणारे, फक्त जिवाणूंवर जगणारे. प्रत्येकाच्या टोकाला मोजक्या अमिनो आम्लांची एक कडी, आणि जवळपास प्रत्येक कडी वेगळी. प्लास्टिकच्या खळग्यात घोणशीच्या विषातलं एक प्रथिन चिकटवून ठेवलंय. थेंब त्यात टाकायचा आणि धुवायचं. दहा वेळा, निर्दयपणे. सुटतील ते ब्लीचच्या बादलीत मरतात. उरतील त्यांना आम्लाने ओरबाडून काढायचं, वाढवायचं आणि पुन्हा त्याच मारात ढकलायचं. अशा तीन फेऱ्या. शेवटी जी टिकते, ती विषाला घट्ट धरणारी कडी.

शहाद्याच्या एका कॉलेजात ममता पावरा हे काम करते. विषातलं ते प्रथिन रक्तवाहिन्यांच्या भिंती फाडतं. ममताने ते अकराव्या वर्षी पाहिलं होतं.

डोंगरातून तिचं कुटुंब ऊसतोडीला तापीकाठी उतरलं होतं. सकाळी सातला उसाच्या वाळल्या पाल्यात, पाचटात, तिच्या आईच्या, कमलीबाईच्या, घोट्याला काहीतरी चावलं. ती किंचाळली आणि वीस माणसं कोयते घेऊन धावली. शेजारच्या सरीत साप दिसला. त्याचे तुकडे तुकडे झाले, तरी शेपूट वळवळत होतं. ममताचे वडील गोवाल त्यावर दगड घालत राहिले. कमलीबाईकडे कुणी पाहिलंच नाही.

मुकादम जगदीशने कोयत्याच्या टोकाने सापाचं डोकं उलटवलं.

"धामण शे रे ही! हिले जहर नही ऱ्हास. बाईले सावलीमा बसाड, अन् कामले लाग."

"पाय सुजतोय, दादा. गाडी काढ," गोवाल म्हणाला.

"धामणवरी कोणी मरस का, येड्या?"

दुपारी कमलीबाईच्या हिरड्यांतून रक्त आलं, मग नाकातून. गोवालने उसाचं कांडं मुकादमाच्या तोंडावर हाणलं. दोन दात पडले. मुकादमाच्या माणसांनी गोवालला सरीत पाडून लाथांनी तुडवलं. त्याचा जबडा तेव्हापासून वाकडा आहे. ट्रॅक्टर शहाद्याला पोचला तेव्हा कमलीबाईचं डोकं ममताच्या मांडीवर होतं, लुगडं रक्ताने कडक झालं होतं आणि श्वास थांबला होता. चावणारी घोणस पाचटातून कधीच निसटली होती. मारली होती ती दुसरीच.

प्रयोगशाळेत तीन फेऱ्यांनंतर एकच कडी पुन्हा पुन्हा सापडली. चाचणीत खळगा पिवळाजर्द झाला. पिवळा म्हणजे कडी चिकटली.

"पेढे आण, बाई! नाहीतर तुझे पिपेट लपवीन," सोबतची भाविका म्हणाली.

मार्गदर्शक हेमकांत सरांनी खळग्यांची प्लेट उजेडात धरली. "विष नसलेल्या, रिकाम्या खळग्यात टाकून पाहिलंस?"

नव्हतं पाहिलं. इतक्या घाईत होती ती. दुसऱ्या दिवशी रिकामा खळगाही तेवढाच पिवळा झाला. कडीने विषाला नव्हे, प्लास्टिकला धरलं होतं. चार महिन्यांची मेहनत! ममताने प्लेट भिंतीवर फेकून मारली. तुकडे उडाले, भाविका दचकून मागे सरली. ममता मात्र एकदम शांत झाली. तिने त्या कडीच्या नळीवर मार्करने लिहिलं : धामण.

पुढच्या वेळी थेंब आधी रिकाम्या खळग्यात घातला. प्लास्टिकला चिकटले ते सगळे मारले, न चिकटलेले पुढे नेले. यातून निघालेल्या एका कडीने विषाचा खळगा पिवळा केला, फिकट का होईना. रिकामा खळगा स्वच्छ राहिला.

तिने गोवालला फोन केला. सगळं ऐकून तो म्हणाला, "विषाला धरते म्हणतेस. पण किती वेळ?"

ममताने प्लेट पुन्हा उजेडात धरली. खळग्यात नुसतं स्थिर पाणी असतं. पण वाहत्या रक्तात, शरीर स्वतःच या कडीचे तुकडे करायला निघालेलं असताना, उसाच्या फडापासून शहाद्याच्या दवाखान्यापर्यंत ती त्या विषाला धरून ठेवील का?